मालकी जिथली तिथे, यादी मात्र एक

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’सारख्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्याने पाटण येथे मठ काढला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव व हेमाडिदेव या भावांनी त्या मठाला दान दिले, असे हा लेख सांगतो. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. दानाचा हिशेब मात्र त्या काळच्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून ठरावीक वाटा, घाण्यामागे थोडे तेल, अशा बारीक नोंदी त्यात आहेत. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला. तेव्हापासून त्याचा उल्लेख बहुधा गणिताच्या इतिहासात होत आला. पण तो आणखी एका कारणासाठी वाचण्याजोगा आहे. विद्येच्या एका कामासाठी पंडित, सत्ताधारी आणि बाजारपेठ एकत्र आले, कोणी काय द्यायचे ते ठरले आणि देणाऱ्या सामान्य माणसालाही कळेल असे ते कोरून ठेवले गेले. संस्थांमधली भागीदारी आणि तिला मिळणारे अनुदान ही खानदेशाला काल-परवा कळलेली गोष्ट नाही.

आज त्याच जळगाव जिल्ह्यात गिरणा नदीच्या परिसरात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. पुणे विद्यापीठाच्या कक्षेतून वेगळे होऊन १५ ऑगस्ट १९९० रोजी ते स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत; बहिणाबाईंचे नाव त्याला २०१८ मध्ये मिळाले. राज्यातल्या विद्यापीठ-ग्रंथालयांना २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ‘ज्ञानस्रोत केंद्र’ म्हटले आहे. पाटी बदलली म्हणून काम बदलते असे नाही, तरी या नव्या नावात एक अपेक्षा आहे. पुस्तके विकत घ्यायची, दाखल करायची, द्यायची आणि परत घ्यायची, एवढ्यावर आता भागणार नाही. आपल्या कक्षेतले ज्ञान कुठे कुठे आहे हे शोधून ते लोकांपर्यंत पोचवायचे आहे. त्यासाठी लागणारा पैसा विद्यापीठाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात बसत नाही. मग प्रकल्प, प्रस्ताव, सामंजस्य करार, अनुदान ही सगळी परिभाषा येते. या लेखात मांडायचे आहे ते असे : ग्रंथालयाने अनुदानाच्या मागे लागून भागीदार जमवू नयेत, आधी भागीदारी उभी करावी, अनुदान तिच्या मागून येते. आणि खानदेशासारख्या प्रदेशात त्या भागीदारीची पहिली अट अशी, की ज्याची वस्तू त्याच्याकडेच राहिली पाहिजे.

ही अट का, हे कळण्यासाठी इथली संपत्ती कशी विखुरलेली आहे ते पाहावे लागते. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. गावोगाव हिंडून त्यांनी जमवलेली दप्तरे, पोथ्या आणि टिपणे मागे राहिली होती. भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये मंडळ स्थापन करून हा ठेवा सांभाळला आणि १९३२ पासून ‘संशोधक’ हे नियतकालिकही चालवले. त्याच शहरात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. वकिली करणाऱ्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढची कित्येक वर्षे मठामठांतून रामदासी संप्रदायाची बाडे गोळा केली. डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या प्रतीवरून त्यांनी १९०५ मध्ये ‘दासबोध’ छापला. समर्थांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकी रामायणही याच मंदिरात जपलेले आहे. या दोन्ही संस्था विद्यापीठाहून किती तरी जुन्या. सरकारी हुकमाने त्या निघालेल्या नाहीत. वर्गणी, देणगी आणि बिनपगारी मेहनत यांवर त्या उभ्या राहिल्या. ज्यांनी त्या चालवल्या त्यांना आपल्या संग्रहाविषयी जिव्हाळा आहे, तसाच धाकही आहे की तो हातचा जाईल.

जळगाव जिल्ह्यातही हेच चित्र दिसते. अमळनेरला प्रतापशेठ यांच्या दातृत्वातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर निघाले. देशभरचे तत्त्वज्ञ तिथे राहून गेले, साने गुरुजींनीही तिथे काही काळ अध्ययन केले आणि तिथून निघणाऱ्या ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’मुळे खानदेशातल्या या गिरणीच्या गावाचे नाव परदेशातल्या विद्यापीठांतही पोचले. जळगावच्या जैन हिल्सवर भवरलाल जैन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गांधी तीर्थाचे उद्‌घाटन मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. गांधीजींविषयीची पुस्तके, पत्रे, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे तिथे एकत्र केलेली आहेत. शिवाय प्रत्येक तालुक्याच्या गावी जुनी सार्वजनिक वाचनालये आहेत, शिक्षणसंस्थांची कपाटे आहेत आणि घराघरांतून मोडी कागदांचे रुमाल आहेत. आणि जे कागदावर आलेच नाही ते वेगळे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते; मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी गाणी उतरवून घेतली आणि आचार्य अत्र्यांनी ती ओळखली म्हणून १९५२ मध्ये ती छापून आली. खानदेशाची ही दोन मोठी पुस्तके सांगणारा आणि लिहून घेणारा अशा जोडीने घडवली आहेत. अशा ठिकाणी ग्रंथालयाने लिहून घेणाऱ्याच्या जागी असायला हवे, हे सांगायला वेगळे तत्त्वज्ञान लागत नाही.

आता पैशाकडे वळू. ग्रंथालयांच्या भागीदारीचा सर्वात मोठा प्रयोग आपल्याकडे आधीच यशस्वी झाला आहे. तो रोजच्या वापरातला असल्यामुळे कोणी त्याला भागीदारी म्हणत नाही, एवढेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये सुरू केलेले इन्फ्लिबनेट हे केंद्र, आता गांधीनगरला असलेले, देशभरच्या विद्यापीठ-ग्रंथालयांना एकत्र बांधते. आयोगाच्या २००९ च्या नियमानुसार पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक झाले आणि ‘शोधगंगा’वर आज पाच लाखांहून अधिक प्रबंध कोणालाही मोफत वाचता येतात. ‘एन-लिस्ट’मुळे तालुक्याच्या महाविद्यालयालाही थोड्या वार्षिक शुल्कात हजारो नियतकालिके मिळू लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना मंजूर केली : २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० संस्था. एकेका ग्रंथालयाने प्रकाशकाशी स्वतंत्र घासाघीस केली असती तर धुळ्या-नंदुरबारच्या वाट्याला यातले फार थोडे आले असते. एकत्र मागणी केल्यावर लहानाला मोठ्याइतके मिळते, हा या प्रयोगाचा धडा आहे.

पण या योजनेत ओघ एकाच दिशेने वाहतो. जगातले ज्ञान खानदेशात येते; खानदेशातले जगापर्यंत जात नाही. धुळ्यातला मोडी रुमाल कोणत्याही परदेशी प्रकाशकाच्या वर्गणीत मिळणार नाही. तो इथल्याच लोकांनी उलगडला, नोंदला आणि चित्रित केला तरच कोणाला दिसेल. त्यासाठी प्रकल्प-अनुदान लागते आणि ते देणारे आहेत. हस्तलिखितांसाठी २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर त्याच्या महाराष्ट्रातल्या केंद्रांपैकी एक होते. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मिशन जाहीर झाले. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंदणी आणि जतन हे त्याचे उद्दिष्ट, आणि शिक्षणसंस्था, संग्रहालये, ग्रंथालये व खासगी संग्राहक यांनी मिळून हे करावे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. या कामाची वार्षिक तरतूद साडेतीन कोटींवरून साठ कोटींवर नेली गेली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्यासाठीच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आहे, राष्ट्रीय वारशाचे जतन आहे आणि सार्वजनिक ग्रंथालयांची स्थापनाही आहे. परदेशात ब्रिटिश लायब्ररी २००४ पासून धोक्यात आलेल्या दफ्तरांसाठी अनुदान देते. पैसा अजिबात नाही असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

अडचण पैशाच्या अटींची असते. प्रत्येक योजना कोणासाठी तरी आखलेली असते आणि तिच्या चौकटीत न बसणाऱ्याला कितीही गरज असली तरी ती दाराबाहेर ठेवते. अहिराणीचेच उदाहरण घ्या. जनगणनेत ‘खानदेशी’ या शीर्षकाखाली २००१ मध्ये सुमारे २०.७५ लाख लोकांची नोंद होती. २०११ मध्ये ती १८.६० लाखांवर आली. बोलणारे घटत आहेत. तेव्हा लुप्त होत चाललेल्या भाषांच्या रक्षणासाठी म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानामार्फत २०१३ पासून चालणाऱ्या योजनेकडे जावे असे कोणालाही वाटेल. पण ती योजना दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांसाठी आहे. लाखो भाषकांची अहिराणी तिच्यासाठी फार मोठी, आणि आठव्या अनुसूचीत नसल्यामुळे दुसऱ्या बाजूच्या योजनांसाठी फार लहान. अशा भाषेच्या ध्वनिमुद्रणाचा प्रकल्प ‘भाषा वाचवा’ या नावाने मागितला तर परत येईल. शेतीचे पारंपरिक ज्ञान, लोकगीते, स्त्रियांचे मौखिक साहित्य किंवा स्थानिक इतिहास या नावांनी, त्या त्या विषयाचे जाणकार बरोबर घेऊन मागितला तर त्याला दार सापडू शकते. यात कोणाची फसवणूक नाही. काम तेच असते. देणाऱ्याला त्यातली कोणती बाजू दिसते ते समजून घ्यायचे असते. आणि ती बाजू मांडायला ग्रंथपाल एकटा पुरत नाही, भाषेचा अभ्यासक आणि गावातला माणूसही लागतो. भागीदारी प्रस्तावाची शोभा वाढवण्यासाठी लागते असा समज आहे. खरे तर तिच्याशिवाय प्रस्तावाचा विषयच नीट ठरत नाही.

तरीही प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटे होते. योजनेची जाहिरात येते, तीन आठवड्यांची मुदत असते, मग संस्थांना फोन जातात, कराराच्या कागदावर सह्या होतात, छायाचित्र निघते. मुदतीच्या आठवड्यात भागीदार शोधायला निघणे म्हणजे मुहूर्त धरल्यावर स्थळे पाहायला निघण्यासारखे आहे. असा प्रस्ताव तपासणाऱ्याला दोन मिनिटांत ओळखू येतो, कारण त्याच्या साध्या प्रश्नांना त्यात उत्तर नसते. एकूण किती हस्तलिखिते? किती पानांची? कोणत्या लिपीत? किती कसरीने खाल्लेली, किती वाळवीने, आणि किती अजून धड? यातल्या कशाची प्रत दुसरीकडे नाही? काम संपल्यावर ते कोण सांभाळणार? ‘अमूल्य ठेवा’ आणि ‘समृद्ध वारसा’ या शब्दांनी अंदाजपत्रक भरत नाही. देणाऱ्याला आकडा हवा असतो, आणि आकडा हवा तर आधी मोजणी हवी.

म्हणून विद्यापीठ-ग्रंथालयाचा पहिला प्रकल्प संयुक्त सूचीचा असावा. तीन जिल्ह्यांतल्या संस्थांकडे काय आहे त्याची एकच यादी : ग्रंथाचे नाव, कर्ता, लिपी, भाषा, पाने, अवस्था आणि तो कुठे आहे ते ठिकाण. यात वस्तू हलवावी लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही, मालकीचा प्रश्न येत नाही. मोडी वाचणारे काही जण, नोंदीचा एकसारखा नमुना आणि इतिहास-मराठीच्या विद्यार्थ्यांची दोन-तीन वर्षांची शिस्तशीर मेहनत एवढ्यावर तो सुरू होतो. मद्रास विद्यापीठाने १९३५ मध्ये असेच काम हाती घेतले होते. जर्मन पंडित थिओडोर आउफ्रेख्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्कृत हस्तलिखितांची एक महासूची केली होती. ती जुनी झाली म्हणून मद्रासने नवी ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ आरंभली. वे. राघवन यांच्यासारख्या विद्वानांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले आणि काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. मद्रासने देशभरची हस्तलिखिते गोळा केली नाहीत. ती कुठे आहेत याची माहिती गोळा केली. तेवढ्यानेही संशोधकाला देशाचे दार उघडले. खानदेशापुरती सूची याच्या शतांशानेही मोठी नसेल. पण ती झाली की पुढच्या प्रत्येक प्रस्तावाला पाया मिळतो, कोणत्या संग्रहाला आधी हात घालायचा ते कळते, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे एकमेकांच्या कपाटात डोकावण्याची सवय लागते.

यावर लहान संस्थांचा पहिला आक्षेप असा असेल : आज यादी मागता, उद्या वस्तू मागाल. ही भीती पोकळ नाही. मोठ्या संस्थेने ‘सुरक्षिततेसाठी’ नेलेला संग्रह परत न येणे, किंवा त्याची संगणकीय प्रत तिसऱ्याच ठिकाणी विकत मिळू लागणे, ही शंका कोणाही विश्वस्ताच्या मनात येणारच. घरगुती संग्राहकाला तर कायद्याचीही धास्ती असते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. नोंद केली तर सरकार घेऊन जाईल असे त्याला वाटते. वास्तविक अशी वस्तू घरात बाळगण्याला तो कायदा मनाई करत नाही, तिच्या निर्यातीला करतो. पण हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. भीतीचे उत्तर आश्वासनाने होत नाही, कराराच्या कलमांनी होते. मूळ वस्तू जागेवरून हलणार नाही. यंत्र वस्तूकडे येईल. चित्रांची एक पूर्ण प्रत मालक संस्थेकडे आणि एक विद्यापीठाकडे राहील. कोणती पाने सर्वांना खुली करायची ते मालक ठरवेल. प्रत्येक वापरात संस्थेचे नाव येईल. करार मोडला तर विद्यापीठ आपली प्रत काढून टाकेल. ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतही मूळ कागद त्या देशाबाहेर जात नाहीत आणि प्रत स्थानिक संस्थेकडे राहते. तमिळनाडूतले उदाहरण अधिक बोलके आहे. कोट्टैयूरच्या रोजा मुथय्या यांनी जन्मभर जमवलेला तमिळ पुस्तकांचा प्रचंड संग्रह त्यांच्या निधनानंतर शिकागो विद्यापीठाने विकत घेतला, पण अमेरिकेला नेला नाही. १९९४ मध्ये चेन्नईत त्याचे ग्रंथालय झाले आणि ते आज तमिळ अभ्यासाचे मोठे केंद्र आहे. हजारो मैलांवरचे विद्यापीठ पैसे मोजूनही वस्तू तिच्या भूमीत ठेवू शकते, तर जळगावला धुळ्याची वस्तू धुळ्यात ठेवणे अवघड जाऊ नये.

दुसरा आक्षेप विद्यापीठाच्या आतून येतो आणि तो जास्त टोकदार आहे. ग्रंथालयाचे काम विद्यार्थ्याला पुस्तक आणि बसायला जागा देणे हे आहे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी खेड्यातली मुले अभ्यासिकेत जागा मिळावी म्हणून सकाळपासून येतात. त्यांना पंखा, पाणी आणि चालू आवृत्तीचे पुस्तक हवे असते. ग्रंथपालांची पदे रिकामी राहतात, आणि आहेत त्यांनी प्रस्ताव लिहीत बसायचे का? या आक्षेपातला खरा भाग मान्य करायला हवा. ज्या ग्रंथालयाची अभ्यासिका बंद पडली आहे त्याने हस्तलिखितांच्या चित्रीकरणाचा डौल मिरवू नये. प्रकल्पाचे मनुष्यबळ नेहमीच्या सेवेतून काढून घेतले जाणार नाही, हे प्रस्तावातच लिहिले पाहिजे. पण आक्षेपाचा दुसरा भाग टिकत नाही. अभ्यासिकेसाठी आणि क्रमिक पुस्तकांसाठी येणारा निधी वेगळा, वारशासाठीचा वेगळा; हस्तलिखितांसाठी न मागितलेले पैसे पंख्यांकडे वळत नाहीत, ते दुसऱ्या विद्यापीठाकडे जातात. शिवाय ज्या मुलाने एक वर्ष मोडी वाचायला, नोंद करायला आणि जुना कागद हाताळायला शिकून घेतले, त्याच्या हाती परीक्षेपलीकडचे एक कौशल्य येते. पुराभिलेख विभाग, संग्रहालये आणि जमिनीच्या जुन्या नोंदींची कामे यांना मोडी जाणणारी माणसे लागतातच.

तिसरा आक्षेप अनुभवातून आलेला आहे : प्रकल्प संपतो, मानधनावरची मुले निघून जातात, यंत्रावर धूळ बसते. पाटणच्या मठाला बाजारातून कायमचा वाटा लावून दिलेला होता. आजचे अनुदान दोन-तीन वर्षांचे असते. त्यामुळे प्रकल्पाची आखणी शेवटाकडून करावी लागते. तिसऱ्या वर्षानंतर विजेचे बिल कोण भरणार, साठवणीची जागा कोण देणार, नवी यंत्रणा आली की जुन्या फायली तिच्यात कोण आणणार, याचे उत्तर विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने पहिल्या दिवशी द्यायला हवे. चित्रांची मूळ मोठी फाइल आणि वाचकासाठीची हलकी फाइल वेगळी ठेवणे, तीन ठिकाणी प्रती ठेवणे, कोणा एका कंपनीच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर विसंबून न राहणे ही त्यातली किमान शिस्त आहे. ग्रंथालयाच्या रोजच्या कामाला ‘कोहा’ आणि संगणकीय संग्रहाला ‘डीस्पेस’ यांसारखी मोफत साधने आता जगभर वापरात आहेत. हिशेबाची शिस्तही तितकीच महत्त्वाची. केंद्राच्या वित्तीय नियमांनुसार आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि अनुदानावरचे व्याज परत करावे लागते. चांगले प्रकल्प पैशाअभावी थांबतात तसे प्रमाणपत्र वेळेवर न गेल्यामुळेही थांबतात : पुढचा हप्ता अडतो, मानधन थकते, माणसे जातात. म्हणून प्रकल्पाच्या गटात विद्वानाइतकाच लेखाशाखेचा माणूस पहिल्या बैठकीपासून हवा. आणि शेवट धरून आखणी केली तर काम किती लांबवर जाते याचा पुरावा पुण्यात आहे. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती आरंभली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तिला भक्कम आर्थिक आधार दिला. संस्थाने गेली, सरकारे बदलली, संपादक बदलले आणि १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. देणारे बदलले तरी कामाचा आराखडा बदलला नाही, म्हणून ते तडीस गेले.

उद्योगाच्या पैशाविषयीही शंका घेतली जाते. देणारा आपल्या सोयीचा इतिहास मागणार नाही का? मागू शकतो, सरकारही मागू शकते, हे विसरू नये. यावरचा उपाय देणाऱ्याला टाळणे हा नाही. काय जतन करायचे ते देणाऱ्याने न ठरवता विद्वानांच्या समितीने ठरवावे आणि ते करारात लिहावे, हा आहे. कंपनी कायद्याच्या परिशिष्टात ‘सार्वजनिक ग्रंथालय’ हा शब्द आहे, याचाही उपयोग होतो. फक्त ओळखपत्रधारकांसाठी असलेल्या ग्रंथालयाला त्यावर हक्क सांगणे कठीण. जळगावच्या शिक्षिकेला, शिरपूरच्या शेतकऱ्याला, गावाचा इतिहास लिहिणाऱ्या निवृत्त तलाठ्याला ज्याचे दार उघडे आहे त्याला सोपे. म्हणजे या पैशामुळे विद्यापीठावर आले तर समाजासाठी खुले होण्याचेच दडपण येईल, आणि ते चांगले आहे. हक्कांच्या बाबतीतही वाट बरीच मोकळी आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. राजवाडे आणि साने गुरुजी यांचे स्वतःचे लेखन आता सर्वांचे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने, आपल्याकडे छापील प्रत असलेल्या पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभाही ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला दिली आहे. तेव्हा ‘कायदा आड येतो’ हे कारण पुढे करण्यापूर्वी कायदा एकदा वाचून पाहावा.

राहते ती वेळ. खानदेशाचा उन्हाळा कागदाला माणसाइतकाच सोसत नाही. जुना हातकागद वेखंड आणि कडुनिंबाच्या पाल्याच्या जोरावर, लाल फडक्यात शतके काढतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासूनचा गिरणी-कागद आम्लामुळे आतूनच पिवळा आणि ठिसूळ होत जातो. म्हणजे पोथीपेक्षा शंभर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र, सभेचे हस्तपत्रक, फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळचे छापील कागद हे आधी जातील. मोडी सहज वाचणारी पिढी आणि ओव्या तोंडपाठ असणाऱ्या आज्याही कागदासाठी थांबणाऱ्या नाहीत. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आहे आणि त्यामागून निधीही येईल. तो ज्यांची यादी तयार आहे त्यांच्याकडे जाईल.

म्हणून विद्यापीठाने पुढच्या जाहिरातीची वाट न पाहता तीन जिल्ह्यांतल्या संस्थांची एक बैठक बोलवावी, शक्यतो धुळ्यात, मालकांच्या दारी. आणि तिथे पैशाविषयी न बोलता नोंदीचा नमुना आणि कराराची कलमे एवढेच ठरवावे. संस्थांनीही संग्रह कुलपात असणे म्हणजे सुरक्षित असणे, हा समज सोडावा. आणि वाचकांना विनंती अशी, की घर आवरताना मोडी कागदांचा रुमाल, जुनी वही किंवा बांधलेली पोथी सापडली तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला एकदा दाखवा. वस्तू देऊ नका हवे तर. तिची नोंद तेवढी होऊ द्या.